‘अव्हेलेबल’चा अर्थ आणि संशोधनातला वापर: उपलब्ध आहे, पण कोणाला?



पेट किंवा नेटची तयारी चालू असेल, सिनॉप्सिस लिहायला घेतला असेल, तर एक इंग्रजी शब्द तुमच्या वाचनात रोज येत असणार: अव्हेलेबल. दुकानात, बँकेत, तिकीट खिडकीवर आपण तो इतक्या वेळा ऐकतो की त्याचा अर्थ मुद्दाम शिकावा असं कोणालाच वाटत नाही. अव्हेलेबल म्हणजे उपलब्ध, विषय संपला.

संशोधनात मात्र विषय इथून सुरू होतो. हा शब्द प्रबंधाच्या शीर्षकात येतो, उद्दिष्टांत येतो, नमुना निवडीत येतो, आणि दर ठिकाणी त्याचा अर्थ थोडा सरकतो. समितीपुढे सादरीकरण करताना “उपलब्ध म्हणजे कोणाला?” असा साधा प्रश्न आला की भलेभले अडखळतात. म्हणून आज आपण हा शब्द आणि त्याचा जवळचा भाऊ ‘ॲक्सेसिबल’, दोघांना नीट समजून घेऊ.

सोयीसाठी एक काल्पनिक विषय धरू: ‘माहीममधील ज्येष्ठ नागरिकांसाठी आरोग्यसेवांची उपलब्धता: एक अभ्यास’. असे विषय तुम्ही शेकड्यांनी पाहिले असतील. लेख संपेपर्यंत या शीर्षकाचं काय होतं ते बघा.

१. शब्द कुठून आला

अव्हेलेबलच्या मुळाशी लॅटिन ‘व्हालेरे’ हे क्रियापद आहे. त्याचा अर्थ बळ असणं, किंमत असणं. ‘व्हॅल्यू’ आणि ‘व्हॅलिड’ हे शब्दही त्याच घरातले. सुरुवातीला अव्हेलेबलचा अर्थ उपयोगी पडणारा, गुणकारी असा होता. हाताशी असलेला, वापरायला मिळणारा हा आजचा अर्थ नंतर रुळला. पण जुना अर्थ विसरू नका: जे कामी येतं ते अव्हेलेबल.

ॲक्सेसिबल हा शब्द ‘जवळ जाणं’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आला. म्हणजे एका शब्दात वस्तूकडे लक्ष आहे, ती आहे का. दुसऱ्यात माणसाकडे लक्ष आहे, तो तिच्यापर्यंत जाऊ शकतो का.

मराठीतला ‘उपलब्ध’ हा संस्कृत ‘लभ्’ धातूवरून आला. लाभ, लभ्य, उपलब्ध. म्हणजे मिळालेलं. गंमत बघा, मूळ अर्थाने जे कोणाला मिळालंच नाही त्याला उपलब्ध म्हणता येत नाही. रोजच्या वापरात मात्र आपण गोदामात पडून असलेल्या वस्तूलाही उपलब्ध म्हणतो. दोन्ही इंग्रजी शब्दांसाठी आपण हा एकच शब्द वापरतो, आणि गोंधळाची सुरुवात तिथेच होते.

२. वाक्यात वापर कसा करायचा

हा भाग पटकन उरकू, पण वाचाच, कारण पेपर लिहिताना चुका इथेच होतात.

अव्हेलेबलच्या पुढे कोणतं शब्दयोगी अव्यय येतं त्यावर अर्थ ठरतो. ‘अव्हेलेबल टू’च्या पुढे व्यक्ती येते: सेवा कोणाला मिळते. ‘अव्हेलेबल फॉर’च्या पुढे हेतू किंवा कालावधी येतो: मुलाखतीसाठी, दोन तासांसाठी. ‘अव्हेलेबल फ्रॉम’च्या पुढे स्रोत किंवा तारीख येते: ग्रंथालयातून, जूनपासून. ‘अव्हेलेबल ऑन रिक्वेस्ट’ म्हणजे मागितल्यावर मिळेल. ‘अव्हेलेबल इन’च्या पुढे रूप येतं: मराठीत, मोठ्या अक्षरात.

माणसासाठी हा शब्द वापरला तर अर्थ ‘मोकळा’ असा होतो. “सर आज अव्हेलेबल नाहीत” म्हणजे सर कॉलेजात नाहीत असं नव्हे. ते बैठकीत असू शकतात.

आणखी एक. आपल्याकडे ‘अव्हेल द फॅसिलिटी’ असं सर्रास लिहितात. भारतीय इंग्रजीत ते रुळलेलं आहे, पण आंतरराष्ट्रीय जर्नलचा संपादक त्यावर हमखास खूण करतो. तिथे ‘अव्हेल वनसेल्फ ऑफ’ अशी रचना लिहा, किंवा सरळ ‘यूज’ लिहून मोकळे व्हा.

३. माहीम कॉजवेचं उदाहरण

दोन शब्दांतला फरक पाठ करण्यापेक्षा एक रस्ता बघू. माहीमहून वांद्र्याला जाताना आपण कॉजवेवरून जातो. पूर्वी तिथे खाडी होती. एका बाजूला मुंबई बेट, दुसऱ्या बाजूला साष्टी, मध्ये पाणी. माणसं होडीने जा-ये करत. पावसाळ्यात ही फेरी धोक्याची होई, होड्या उलटत.

आता त्या काळात एखाद्याने सर्वेक्षण केलं असतं तर त्याने काय लिहिलं असतं? “माहीम ते वांद्रे होडीसेवा उपलब्ध आहे.” वाक्य खरंच आहे. होडी अव्हेलेबल होती. पण आषाढातल्या वाऱ्यात आजारी माणसाला घेऊन पलीकडे जायचं असेल तर वांद्रे ॲक्सेसिबल नव्हतं.

बांध घालण्यासाठी सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी लेडी अवाबाई यांनी दीड लाखाहून अधिक रुपये दिले आणि १८४५ मध्ये कॉजवे झाला. माहीममधून जाणारा एल. जे. रोड म्हणजे लेडी जमशेटजी रोड, तो त्यांच्याच नावाचा. या देणगीला एक अट होती: येणाऱ्या-जाणाऱ्याकडून टोल घ्यायचा नाही. ही अट आपल्या विषयासाठी फार महत्त्वाची आहे. रस्ता बांधला की तो उपलब्ध झाला. पण टोल बसला असता तर डोक्यावर पाटी घेऊन जाणाऱ्या माणसासाठी तो अर्धाच उघडा राहिला असता.

४. पाच ‘ए’: हे तुमच्या कामाचं आहे

आरोग्यसेवेच्या अभ्यासात हा फरक १९८१ मध्ये रॉय पेंचान्स्की आणि विल्यम थॉमस यांनी नेमका मांडला. त्यांचा लेख ‘मेडिकल केअर’ या जर्नलमध्ये आला. ‘ॲक्सेस’ ही एकच गोष्ट नाही, सेवा आणि माणूस यांचा मेळ बसतो की नाही, ते पाच बाजूंनी बघायचं, असं त्यांचं म्हणणं. पाचही इंग्रजी शब्द ‘ए’ने सुरू होतात.

पहिली बाजू अव्हेलेबिलिटी. लोकांची संख्या आणि गरज यांच्या मानाने डॉक्टर, खाटा, औषधं पुरेशी आहेत का? नुसतं ‘आहे’ पुरत नाही, गरजेच्या प्रमाणात आहे का ते बघायचं.

दुसरी ॲक्सेसिबिलिटी. इथे तिचा अर्थ मर्यादित आहे: ठिकाण. दवाखाना कुठे, रुग्ण कुठे, पोहोचायला वेळ आणि भाडं किती.

तिसरी ॲकोमोडेशन. इथे बरेच विद्यार्थी फसतात. याचा अर्थ राहण्याची सोय नाही. ओपीडीची वेळ, नंबर लावण्याची पद्धत, फोनवर चौकशी करता येते का, म्हणजे सेवेची घडी लोकांच्या दिनक्रमाशी जुळते का, हे त्यात येतं. सकाळी ९ ते १२ ओपीडी आणि घरकाम करणाऱ्या बाईची कामंही त्याच वेळेत, म्हणजे ॲकोमोडेशन नाही.

चौथी अफोर्डेबिलिटी, परवडणं. पाचवी ॲक्सेप्टेबिलिटी, म्हणजे रुग्ण आणि सेवा देणारे एकमेकांना स्वीकारतात का. भाषा, धर्म, वय, पेहराव यावरून कोणी अवघडून जातं का.

परळचं उदाहरण घ्या. टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून तिथे आहे. देशभरातून रुग्ण येतात. उपचार आहेत, पण महिनोन्‌महिने मुंबईत राहायचं कुठे? दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती हे काम वर्षानुवर्षं करत आल्या आहेत. तक्त्यात हे काम कुठे बसेल? ‘ॲकोमोडेशन’मध्ये नाही. ते ठिकाण आणि परवडणं या दोन रकान्यांत जातं. मुक्कामाची जागा नसेल तर रुग्णालय अव्हेलेबल असूनही लांबच राहतं.

आता सावध करणारी गोष्ट. सगळेच लेखक हे शब्द असेच वापरत नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्क समितीने २००० साली आरोग्याच्या हक्कावर जी सामान्य टिप्पणी क्रमांक १४ काढली, तिच्यात ॲक्सेसिबिलिटी हा मोठा छत्रीशब्द आहे. भेदभाव नसणं, शारीरिक पोहोच, आर्थिक पोहोच आणि माहितीची पोहोच अशा चार गोष्टी त्याखाली येतात. म्हणजे पेंचान्स्की आणि थॉमस यांच्याकडे ‘परवडणं’ वेगळं आहे, इथे ते ॲक्सेसिबिलिटीच्या पोटात आहे. अपंगत्वाच्या अभ्यासात अर्थ आणखी निराळा: रॅम्प, लिफ्ट, ब्रेल, स्क्रीन रीडर. ३ डिसेंबर २०१५ रोजी केंद्राने सुरू केलेल्या मोहिमेचं नावच ‘सुगम्य भारत अभियान’ आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ॲक्सेसिबिलिटी आणि ‘रीझनेबल ॲकोमोडेशन’ यांतला फरकही सांगितला: पहिली सर्वांसाठी आधीच करून ठेवायची व्यवस्था, दुसरी एखाद्या व्यक्तीच्या गरजेनुसार करायचा बदल.

म्हणून तुमच्या प्रबंधात एक वाक्य हवंच: या अभ्यासात उपलब्धता म्हणजे अमुक, पोहोच म्हणजे तमुक, आणि ही व्याख्या अमक्या चौकटीतून घेतली. यालाच आपण कार्यात्मक व्याख्या म्हणतो.

५. रिकामी खाट कोणाची?

हा फरक केवळ पुस्तकी नाही, हे २०२० ने आपल्याला दाखवलं. माहीम महापालिकेच्या जी उत्तर विभागात येतं, दादर आणि धारावीबरोबर. धारावीत पहिला करोना रुग्ण १ एप्रिल २०२० रोजी सापडला. त्या दिवसांत प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न होता: बेड अव्हेलेबल आहे का?

शहरभराच्या एकूण रिकाम्या खाटांचा आकडा आणि एका घरातला रुग्ण यांच्यामध्ये किती पायऱ्या असतात ते मोजा. खाट साधी की ऑक्सिजनची की आयसीयूतली? फोन लागतो का? रुग्णवाहिका मिळते का? मिळालेली खाट शहराच्या कुठल्या टोकाला? आकडा खरा असूनही माणूस खाली बसलेला असू शकतो. जून २०२० मध्ये महापालिकेने २४ विभागांत वॉर रूम सुरू केल्या आणि खाटांचं वाटप विभाग पातळीवर आणलं. आपल्या भाषेत सांगायचं तर हा बदल अव्हेलेबिलिटीचा नव्हता. या निर्णयाने एकही नवी खाट तयार झाली नाही. रुग्ण आणि खाट यांच्यामधली वाट बदलली.

दुसरं उदाहरण रोजचं आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खाली धर्मादाय रुग्णालयांसाठी योजना आहे, मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये तिला रूप दिलं. १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवायच्या. कागदावर खाट उपलब्ध आहे. पण रुग्णाला योजना माहीत हवी, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड यांसारखा पुरावा हवा, आणि काचेचं दार ढकलून आत जाऊन विचारण्याची हिंमत हवी. ही शेवटची गोष्ट कोणत्याच नोंदवहीत सापडत नाही. ती मुलाखतीतच सापडते. तुमच्या संशोधनाची खरी जागा तिथे आहे.

६. नमुना निवडताना हाच घोळ पुन्हा होतो

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. संशोधन पद्धतीच्या पुस्तकात तीन संज्ञा भेटतील. टार्गेट पॉप्युलेशन, म्हणजे ज्यांच्याबद्दल निष्कर्ष काढायचा ते सगळे. ॲक्सेसिबल पॉप्युलेशन, म्हणजे त्यांपैकी ज्यांच्यापर्यंत तुम्ही प्रत्यक्ष पोहोचू शकता ते. आणि अव्हेलेबिलिटी सॅम्पलिंग, म्हणजे जे हाताशी मिळाले त्यांनाच घेणं. याचं जास्त प्रचलित नाव कन्व्हिनियन्स सॅम्पलिंग, सोयीस्कर नमुना निवड.

आपल्या काल्पनिक विषयात बसवून बघा. माहीममध्ये राहणारे सगळे ज्येष्ठ ही टार्गेट पॉप्युलेशन. एखाद्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या यादीत ज्यांची नावं आहेत ते ॲक्सेसिबल. आणि सकाळी बागेत बाकावर बसलेले, तुमची प्रश्नावली हसत भरून देणारे आजोबा हे अव्हेलेबल.

कोण राहिलं? लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर गुडघ्यांमुळे वर्षभर खाली न उतरलेल्या आजी राहिल्या. कोळीवाड्यात नातवंडं सांभाळणाऱ्या आजी राहिल्या. ऐकू कमी येतं म्हणून कोणाशी न बोलणारे काका राहिले. जे दवाखान्यापर्यंत पोहोचू शकत नाहीत, तेच नेमके तुमच्यापर्यंतही पोहोचू शकत नाहीत. बागेतल्या १०० जणांपैकी बहुतेक म्हणतील की सेवा चांगल्या उपलब्ध आहेत, तुम्ही तो आलेख काढाल, आणि निष्कर्ष लिहाल: “माहीममधील ज्येष्ठांना आरोग्यसेवा समाधानकारक प्रमाणात उपलब्ध आहेत.” एकही आकडा खोटा नाही, तरी निष्कर्ष चुकला. असा निष्कर्ष एखाद्या अहवालात गेला, तर घरी येणाऱ्या नर्सची गरजच नाही असं त्यावरून ठरू शकतं.

उपाय? यादी एकाच ठिकाणाहून घेऊ नका. इमारतीनुसार, मजल्यानुसार निवड करा. घरी जाऊन मुलाखती घ्या. आणि वेळ, पैसा नसल्यामुळे सोयीस्कर नमुनाच घ्यावा लागला तर मर्यादांच्या प्रकरणात कोण सुटलं ते नाव घेऊन लिहा.

७. ‘डेटा अव्हेलेबल ऑन रिक्वेस्ट’

पेपर प्रकाशित करताना तुम्हाला डेटा अव्हेलेबिलिटी स्टेटमेंट लिहावं लागेल. अनेक जण “वाजवी विनंतीनंतर डेटा उपलब्ध” असं लिहून पुढे जातात. २०२२ मध्ये ‘जर्नल ऑफ क्लिनिकल एपिडेमिऑलॉजी’त एक अभ्यास आला. असं वाक्य लिहिणाऱ्या सुमारे १,८०० लेखांच्या लेखकांकडे डेटा मागितला, तर प्रत्यक्षात तो सुमारे ७ टक्क्यांनीच दिला. बाकीच्यांनी उत्तर दिलं नाही किंवा नकार दिला. अव्हेलेबल लिहिलेला डेटा ॲक्सेसिबल नव्हता.

२०१६ पासून ‘फेअर’ तत्त्वं चर्चेत आहेत: डेटा सापडला पाहिजे, पोहोचता आला पाहिजे, इतर डेटाशी जुळला पाहिजे, पुन्हा वापरता आला पाहिजे. त्यातलं ॲक्सेसिबल म्हणजे सगळ्यांना खुला असं नव्हे. रुग्णांची माहिती खुली करताच येणार नाही. कोणत्या अटींवर, कोणत्या मार्गाने मिळेल ते स्पष्ट लिहिलेलं असलं पाहिजे, एवढंच.

इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी हेच वेगळ्या रूपात येतं. काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे. जुन्या मराठी कारभाराचे कागद तिथे आहेत, पण मोडी लिपीत. मोडी येत नसेल तर तो कागद हातात धरूनही तुमच्यासाठी बंदच. विषय ठरवण्याआधी हे तपासा.

८. ‘माहिती उपलब्ध नाही’ असं कधी लिहायचं

शेवटचा मुद्दा आपल्याच परंपरेतला. भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती ‘अनुपलब्धी’ला स्वतंत्र प्रमाण मानतात. जमिनीवर घडा दिसत नाही, यावरून घडा नाही हे ज्ञान होतं. पण त्यांनी एक अट घातली: ती अनुपलब्धी ‘योग्य’ हवी. म्हणजे घडा असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधारात घडा दिसला नाही म्हणून तो नाही, असं म्हणता येत नाही.

साहित्याच्या आढाव्यात “या विषयावर संशोधन उपलब्ध नाही” असं वाक्य लिहिताना हीच कसोटी लावा. दिवा लावून पाहिलं का? मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही भाषांत शोधलं का? ‘शोधगंगा’वर पाहिलं का? दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या संदर्भ विभागात विचारलं का? नसेल, तर वाक्य असं लिहा: “अमुक डेटाबेसमध्ये, अमुक शब्द वापरून, अमुक तारखेपर्यंत शोध घेतला असता या विषयावरील अभ्यास आढळला नाही.” समितीला यावर बोट ठेवायला जागा राहत नाही.

थोडक्यात

तुमच्या सिनॉप्सिसमध्ये ‘उपलब्ध’ हा शब्द शोधा. प्रत्येक ठिकाणी चार प्रश्न विचारा: कोणाला? कधी? काय खर्चून? आणि मिळाल्यावर वापरता येईल अशा रूपात का? उत्तर देता आलं तर शब्द राहू द्या. नाही आलं तर तिथे पोहोच, परवडणं, सोय, माहिती यांपैकी नेमका शब्द घाला.

आपल्या काल्पनिक विषयाचं आता असं झालं: ‘माहीममधील घराबाहेर न पडू शकणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांची प्राथमिक आरोग्यसेवेपर्यंतची पोहोच: अंतर, खर्च आणि वेळेच्या अडचणी’. शीर्षक लांबलं खरं, पण कोणाच्या दारात जाऊन काय विचारायचं ते आता कळतं. पहिल्या शीर्षकावरून ते कळत नव्हतं.

तयारीला शुभेच्छा!